कादंबरीचे पुनर्लेखन : नागपूर पद्धती

कादंबरीलेखनाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात लिहायचे असते आणि दुसऱ्या भागात लिहिलेल्यातले काढून टाकायचे असते. नागपुरात पहिला भाग जोमात पार पडतो. घोडे अडते ते दुसऱ्यापाशी, कारण हे शहर आग्रहाचे आहे. इथे कोणी कोणाला 'कमी कर' म्हणत नाही. बाड ज्याच्या ज्याच्या हाती पडते, तो त्यात काही ना काही घालायला सुचवतो आणि लेखक ते मुकाट्याने घालतो. तीनशे पानांचा खर्डा दोनदा तपासून झाला की साडेचारशे पानांचा होतो. या वाढीलाच पुनर्लेखन म्हणण्याचा प्रघात आहे.

खर्ड्याचा हंगाम उन्हाळ्याचा. इतरत्र लेखक पावसाची वाट पाहतात, नागपूरचा लेखक मे महिन्याची पाहतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. दरवर्षी इतके होत नसले तरी पारा बहुधा पंचेचाळिशीला टेकतो, आणि मग दुपारी बारा ते पाच या वेळात कोणी कोणाकडे जात नाही. वर्गणी मागणारे येत नाहीत, पत्रिका द्यायला येणारे सकाळी नाही तर रात्री येतात. नागपुरात एकांत म्हणून जो काही उपलब्ध आहे, तो याच पाच तासांत. लेखक कुलरच्या ताट्या बदलून घेतो, टाकीत पाणी भरतो आणि दीड महिन्यात खर्डा हातावेगळा करतो.

कुलरचे मराठी साहित्यावर झालेले परिणाम अजून कोणी अभ्यासलेले नाहीत. कुलरच्या घरघरीत लेखकाला स्वतःचे संवाद ऐकू येत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात लिहिलेली पात्रे एकमेकांशी जरा ओरडूनच बोलतात. प्रेमप्रसंगात हे विशेष जाणवते. शिवाय सुट्या कागदांवर लिहिणाऱ्याची पाने झोतात उडतात आणि हाताला येतील त्या क्रमाने गोळा होतात. कथानक मागेपुढे उड्या मारते म्हणून समीक्षकांनी ज्या कादंबऱ्यांना प्रयोगशील ठरवले, त्यांतल्या काहींचे श्रेय ताट्यांमागच्या पंख्याकडे जाते. ऋणनिर्देशात मात्र त्याचे नाव नसते. मधूनच लाईन जाते. त्या तासाभरात लिहिलेल्या प्रकरणात कोणीतरी हमखास मरते. पुढे बाड वाचणाऱ्याला या मृत्यूंची कारणे कथानकात सापडत नाहीत, कारण ती वीज कंपनीकडे असतात.

पुनर्लेखन हिवाळ्यात करावे असे ठरलेले असते. हवा उत्तम असते, डोके थंड असते. पण नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ ला झाला आणि त्यानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन वर्षातून नागपुरात भरू लागले. ते भरते डिसेंबरात. या काळात मुंबईकडचा प्रत्येक दूरचा नातेवाईक कुठल्या ना कुठल्या खात्याबरोबर नागपुरात उतरतो. त्याला एका संध्याकाळी सावजी जेवायला न्यावे लागते आणि दुसऱ्या दिवशी संत्राबर्फीचे डबे बांधून द्यावे लागतात. अधिवेशन संपले की लग्नसराई, मग संक्रांत, मग कुठे तरी संमेलन. फेब्रुवारीच्या अखेरीस लेखक बाडावरची धूळ झटकतो, तोवर ऊन तापायला लागलेले असते आणि डोक्यात दुसरी कादंबरी आलेली असते.

पुनर्लेखन करावे की करू नये, याबद्दल मराठीत दोन्ही बाजूंना भक्कम आधार आहेत आणि सोय अशी की दोन्ही एकाच लेखकाकडून मिळतात. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. ती पंधरवड्याच्या आसपास लिहून झाली असे सर्वत्र सांगितले जाते. त्यांचीच 'हिंदू' २०१० साली आली, आणि तिची वाट पाहण्यात वाचकांची एक पिढी म्हातारी झाली. नागपूरचा लेखक खर्डा लिहिताना पहिला दाखला देतो आणि 'कुठवर आलं?' असे कोणी विचारले की दुसरा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हा दाखला मात्र जपून वापरावा लागतो. तुरुंगात 'इकडून चाललोच होतो, म्हटलं डोकावून जावं' असे म्हणणारे कोणी येत नाही.

या विषयातले सर्वांत बोधप्रद उदाहरण खुद्द नागपुरातलेच आहे आणि ते एकाच घरातले आहे. शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात प्राध्यापक होते. त्यांची 'क्षिप्रा' १९५४ मध्ये, 'सरहद्द' १९६२ मध्ये आणि 'जन हे वोळतु जेथे' १९६९ मध्ये आली. पंधरा वर्षांत तीन कादंबऱ्या, आणि तिन्ही पूर्ण. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध १९४८ ते १९५८ ही दहा वर्षे याच शहरात होते. घरची भाषा मराठी, लिहिणे हिंदीत. ते कविता लिहून संपवत नसत. पुन्हा लिहीत, लांबवत, बाजूला ठेवत, परत उचलत. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ मध्ये निघाला तेव्हा ते हयात नव्हते. आज हिंदी कविता त्यांना वगळून शिकवता येत नाही. एकाच घरात, एकाच उन्हात, एकाने संपवून दाखवले आणि दुसऱ्याने न संपवता. यातून नियम काढू पाहणाऱ्यांनी थोडे थांबावे. नागपुरातले सगळे लेखक स्वतःला थोरल्या बंधूंच्या गटात धरतात. त्या गटात जायला न संपवणे पुरत नाही, ही बारीक अट ते वाचत नाहीत.

न संपवण्याला या भागात आणखीही एक मोठा आधार आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर येथे वारले. तेव्हा 'राजसंन्यास' हे नाटक अपुरे होते. मराठी रसिकांनी ते अपुरेपण शंभराहून अधिक वर्षे मिरवले आहे. सावनेरपासून नागपूर एसटीने तासाभरावर. त्यामुळे अपुऱ्या बाडाला या परिसरात जी प्रतिष्ठा आहे, ती पुऱ्या पुस्तकाला नाही.

ज्याला ही प्रतिष्ठा नको असते, तो खर्डा दुसऱ्याला वाचायला देतो. पहिला वाचक घरातला. 'युद्ध आणि शांती'ची हस्तलिखिते तॉलस्तॉयची पत्नी सोफिया पुन्हा पुन्हा हाताने उतरवून काढी, ही गोष्ट नागपुरातल्या प्रत्येक लेखकाला ठाऊक असते आणि ती एकदा घरात सांगून पाहिल्यावर तो पुन्हा सांगत नाही. घरातल्या वाचकाचा अभिप्राय ओघाने मिळतो. 'त्या वैनीचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही,' असे कुकरची शिटी होताहोता ऐकू येते. वहिनी पानभर आलेली असते. तिचे पुढे काही व्हावे असा लेखकाचा विचार नसतो. पण शिटी झालेली असते, म्हणून वहिनीला माहेर मिळते, माहेराला विहीर मिळते आणि विहिरीला इतिहास. अकरा पाने.

नातेवाइकांची अडचण वेगळी. महाल भागातल्या जुन्या वाड्यावर कोणीही लिहिले तरी तो वाडा कोणाचा ना कोणाचा असतोच. मावसोबा बाड वाचत नाहीत, त्यांना कोणीतरी वाचून सांगते. मग एका रविवारी ते येऊन बसतात, चहा घेतात आणि जाताजाता म्हणतात, 'त्या लोभी म्हाताऱ्याला पांढऱ्या मिशा दिल्यास. बरं केलंस.' अशा वेळी म्हातारा काढून टाकणे हा एक उपाय असतो. नागपुरात तो केला जात नाही. त्याऐवजी म्हाताऱ्याने दुष्काळात स्वतःचे धान्याचे कोठार गावासाठी उघडल्याचे एक प्रकरण वाढवले जाते. त्याने लोभी म्हातारा गुंतागुंतीचा होतो, आणि पुढे एखादा समीक्षक या व्यक्तिरेखेतल्या अंतर्विरोधाचे कौतुक करतो.

त्यानंतर मित्रमंडळ. धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात कोणाच्या तरी बैठकीत अभिवाचन ठरते. सात-आठ जण येतात, पहिली दोन प्रकरणे होतात, मग चिवडा येतो आणि चर्चा सुरू होते. पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचे ठरते. त्या बैठकीला दोन नवे लोक आलेले असतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. तिसऱ्या बैठकीतही तेच. मराठी कादंबरीच्या एका मोठ्या रचनादोषाचे मूळ इथे आहे. पहिले प्रकरण बारा वेळा मोठ्याने वाचून, बारा वेळा सुधारून लखलखीत झालेले असते, आणि शेवटची शंभर पाने कोणी एकदाही वाचलेली नसतात. बऱ्याचदा लेखकानेही नाही. पुस्तकाच्या दुकानात उभ्याउभ्या पहिले पान चाळून कादंबरी विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

चर्चेत येणाऱ्या सूचना ठरलेल्या असतात. 'नागपूरची कादंबरी अन् मारबत नाही? काहून बाप्पा?' पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, ही परंपरा शतकाहून जुनी आहे आणि खास नागपुरी मानली जाते. तेव्हा सूचना अगदीच गैर म्हणता येत नाही. पण तिच्या पाठोपाठ सावजीचा रस्सा येतो, तर्रीपोहे येतात, फुटाळ्याची संध्याकाळ येते, टेकडीचा गणपती येतो, संत्र्याचा बगीचा येतो. नायक नोकरीनिमित्त नाशकात असला तर त्याला मारबतीच्या दिवशी नागपुरात आणण्यासाठी एक आत्या आजारी पाडावी लागते. आशा बगे यांच्या 'भूमी'ला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो काही तर्रीपोह्यांसाठी मिळाला नव्हता, हे बैठकीत कोणीतरी सांगायला हवे असते. पण तोवर दुसऱ्यांदा चहा आलेला असतो.

बैठकीपेक्षा अधिक मोकळी चर्चा पानठेल्यावर होते. खर्डा आणि खर्रा या दोन्ही वस्तू घोटल्याशिवाय वापरात आणता येत नाहीत, आणि घोटता घोटता दोन्हींचा आकार कमी व्हायचा असतो. खर्रा घोटणारा हे मनगटाने जाणतो. पन्नीत गुंडाळून तो सुपारी, तंबाखू आणि चुना एकजीव होईपर्यंत थांबत नाही. समोर उभा असलेला लेखक तेवढ्या वेळात मित्राला कादंबरी सांगतो. सांगताना ती उत्तम होते. नको ती पात्रे आपोआप गळतात, संवाद नेमके येतात, शेवट तर इतका जमतो की ठेलेवालाही हात थांबवून ऐकतो. अडचण एवढीच की हे सगळे सांगून झाल्यावर लिहिण्याची निकड उरत नाही. नागपुरातल्या कित्येक चांगल्या कादंबऱ्या शंकरनगर ते बर्डी या पट्ट्यात अशा तोंडी पूर्ण झालेल्या आहेत. त्यांचे हक्क कोणाकडे आहेत हे सांगता येत नाही.

ऐतिहासिक कादंबरीचा प्रकार स्वतंत्र आहे, कारण तिथे घालायला सांगणारे मित्र नसतात, कागदपत्रे असतात. नागपूरच्या प्रत्येक लेखकाकडे एक भोसलेकालीन कादंबरी अर्धी लिहून पडलेली असते. तिची सुरुवात बहुधा सीताबर्डीच्या लढाईने होते. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ, टेकडीवर इंग्रजांच्या तोफा, समोर अप्पासाहेब भोसल्यांची फौज. सुरुवात उत्तम असते. पण अप्पासाहेब गादीवर कसे आले ते सांगितल्याशिवाय वाचकाला काय कळणार, म्हणून दुसऱ्या रघुजींकडे जावे लागते. त्यांचे सांगायचे तर आधी पहिले रघुजी हवेत. तिथे सेनासाहेब सुभा हा किताब आहे, बंगालवरच्या स्वाऱ्या आहेत, ते सोडून कसे चालेल? पहिले रघुजी नागपुरात आले ते गोंड राजघराण्याच्या भाऊबंदकीत, म्हणून चांद सुलतान. चांद सुलतानाचे वडील बख्त बुलंद शाह, ज्याने हे शहर वसवले. दोनशे पाने होतात. टेकडीवरच्या तोफा अजून उडालेल्या नसतात, आणि नायक तर जन्मलेलाही नसतो.

एवढ्यावर भागत नाही, कारण इतिहासही पुनर्लेखन करत असतो. २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि राज्य शासनाने ती मिळवली. ही बातमी सर्वांना आनंदाची होती. फक्त ज्यांची बाडे त्या वेळी छापखान्याच्या वाटेवर होती त्यांना ती परत मागवावी लागली. तलवार घरी आलेली असताना ती कादंबरीत नसणे बरे दिसत नाही. एका तलवारीसाठी किमान एक प्रकरण लागते, आणि त्या प्रकरणात ती उपसावीही लागते.

बोलीचा प्रश्न पुनर्लेखनात सर्वांत उशिरा उगवतो आणि सर्वांत जास्त पाने खातो. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली आणि वऱ्हाडी बोली कादंबरीत काय करू शकते हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्यामुळे खर्ड्यात काटोलचा नायक झकास बोलतो : 'मी काय म्हणून राहिलो, आयकतं का नाही?' मग बाड पुण्यामुंबईकडच्या एखाद्या मुद्रितशोधकाकडे जाते. तो कामसू असतो. तो 'म्हणून राहिलो'ला 'म्हणत आहे' करतो आणि 'आयकतं'ला 'ऐकतोस'. लेखक ते परत बदलतो, पण सगळीकडे नाही, कारण डोळे दुखतात. परिणामी नायक सकाळी काटोलचा असतो, दुपारी जेवल्यावर सदाशिव पेठेतला होतो आणि रात्री पुन्हा काटोलला मुक्कामी येतो. नागपूरच्या रस्त्यावर खरे तर तिसरीच भाषा चालते, जिच्यात अर्धे हिंदी असते आणि वाक्याच्या शेवटी 'बे'. ती लिहिण्याचे धाडस करणाऱ्याला दोन्हीकडचे मुद्रितशोधक मिळून दुरुस्त करतात.

पूर्वी हे सगळे ताव-दोन तावांवर, शाईने, खाडाखोड करून चाले. संगणक आल्यापासून पुनर्लेखन सोपे होईल अशी अपेक्षा होती, आणि ते लेखकावाचूनही होऊ लागले. जुन्या फाँटमध्ये टंकलेले बाड युनिकोडमध्ये नेले की रफार आपली जागा सोडून पुढच्या घरात जाऊन बसतो. 'वर्धा रोड'चा 'वधार् रोड' होतो, 'सूर्य' उगवतो तो 'सूयर्' होऊन. याहून गंभीर प्रकार नावे बदलताना घडतो. मावसोबांच्या मुलाचे नाव राम असल्याचे उशिरा ध्यानात येते आणि नायकाचा राम बदलून अनंत करायचे ठरते. एका कळीत सर्वत्र बदल होतो. मग लक्षात येते की नायक अनंतदासपेठेत राहतो, सुटीच्या दिवशी अनंतटेकला देवदर्शनाला जातो आणि दुपारी आअनंतखुर्चीत पडून वर्तमानपत्र वाचतो. हे सगळे शोधून पूर्ववत करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात हरिभाऊ आपटे 'करमणूक'चा अंक काढून मोकळे झाले असते. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' याच साप्ताहिकातून क्रमशः आली. क्रमशः लिहिणाऱ्याचे मागचे प्रकरण वाचकांच्या घरी पोचलेले असते. त्यात वहिनीचे माहेर घालण्याची सोय राहत नाही. शिस्त म्हणून हा मार्ग आजही वाईट नाही.

कापाकापीची रीतसर परंपरा मराठीत आहे, पण ती गिरगावात वाढली. 'सत्यकथा' आणि मौज प्रकाशन यांचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्र लिहून काय गाळावे, काय पुन्हा लिहावे हे कळवत. कित्येकांनी ती पत्रे जपून ठेवली. नागपूर ते मुंबई अंतर रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या अंतरावरून 'हे प्रकरण काढा' असे म्हणता येते. समोरासमोर, चिवडा खाताना म्हणता येत नाही. संपादकाचे निम्मे कौशल्य भाषेत असते आणि निम्मे लांब राहण्यात.

जिथे असा संपादक नसतो तिथे त्याचे काम डीटीपी करणारा करतो. कादंबरीचे प्रत्येक अक्षर ज्याच्या डोळ्यांखालून जाते असा जगात हा एकच माणूस. तो वाचत नाही असा समज आहे, तो खरा नाही. 'सर, ती पोट्टी शेवटी परत येते ते काही पटलं नाही बा,' असे तो प्रिंट देताना सहज म्हणतो; आणि ते खरेच पटण्यासारखे नसते, हे मित्रमंडळातल्या कोणी सांगितलेले नसते, कारण तिथवर कोणी पोचलेलेच नसते. कधी त्याच्या हातून दोन पाने गळतात. मुद्रिते तपासताना लेखकाच्या ते लक्षात येत नाही, पुस्तक आल्यावर वाचकांच्याही येत नाही. कथानक कुठेही अडखळत नाही. नागपूर पद्धतीत बाडातून काही कमी होण्याची ही पहिली वेळ असते.

दुसरी आणि निर्णायक वेळ छापखान्यात येते. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मात छापले जाते. साडेचारशे पाने म्हणजे अठ्ठावीस फॉर्म आणि वर दोन पाने; ही दोन पाने छापायची तर आणखी कागद, आणि त्यातली बाकीची कोरी. कागदाचा भाव आणि बांधणीचा खर्च सांगून प्रकाशक म्हणतो की वीस फॉर्मांत बसवा, म्हणजे तीनशे वीस पाने. खर्चात लेखकाचा सहभाग असेल, आणि तो बऱ्याचदा असतो, तर दर फॉर्मामागे किती पडतील हेही तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतो. त्या चिटोऱ्याचे साहित्यिक सामर्थ्य मोठे आहे. जी वहिनी काढायला जीव धजत नव्हता, ती विहिरीसकट एका संध्याकाळी जाते. म्हाताऱ्याचे कोठार जाते, आजारी आत्या बरी होते, मारबत जाते, तलवार म्यानात जाते. सव्वाशेच्या वर पाने दोन दिवसांत निघतात, आणि खालून जी कादंबरी वर येते ती बहुतेक वेळा मे महिन्यातल्या खर्ड्याच्या बरीच जवळची असते. मराठी समीक्षेने रूपवादापासून देशीवादापर्यंत बरेच वाद हाताळले. कादंबरीच्या आटोपशीरपणावर सोळाच्या पाढ्याचा जो प्रभाव आहे त्याकडे मात्र तिचे लक्ष गेलेले नाही.

कापता येत नाही असा एकच भाग उरतो, तो म्हणजे प्रस्तावना. ती एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलेली असते, वीस-बावीस पानांची असते आणि तिच्यात कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासूनचा आढावा असतो. प्रस्तुत कादंबरीचा उल्लेख शेवटच्या दीड पानात येतो. प्रस्तावनेला धक्का लावणे शक्य नसल्याने तिच्यासाठी कादंबरीचीच आणखी काही पाने काढावी लागतात. अशा रीतीने प्रस्तावनेचाही कादंबरीला लाभ होतो.

प्रकाशन बर्डीवर, विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात व्हावे अशी सर्वांची इच्छा असते. संघ १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीत स्थापन झाला, पुढे नागपुरात आला, आणि विदर्भातल्या लेखकाला आपले पुस्तक तिथल्या मंचावर उघडले गेल्याशिवाय छापल्यासारखे वाटत नाही. प्रमुख वक्ते बहुधा मित्रमंडळातलेच. त्यांनी पुस्तक वाचलेले नसते, पण बाड वाचलेले असते. निदान पहिली दोन प्रकरणे बारा वेळा ऐकलेली असतात आणि बाकीचे पानठेल्यावर. ते बोलायला उभे राहतात आणि मारबतीच्या प्रकरणाचे तोंड भरून कौतुक करतात. ते प्रकरण पुस्तकात नसते. सभागृहात ही गोष्ट लेखक, प्रकाशक आणि मागच्या रांगेत बसलेला डीटीपीवाला या तिघांनाच माहीत असते. टाळ्या चांगल्या पडतात. लेखकाला आपण ते प्रकरण उगाच काढले असे वाटू लागते, आणि दुसऱ्या आवृत्तीत ते परत घ्यायचे तो तिथेच ठरवून टाकतो.

दुसरी आवृत्ती निघण्याइतकी विक्री झाली तर तोवर काही वर्षे गेलेली असतात. मुखपृष्ठ नवे असते, किंमत नवी असते. 'सुधारित' हा शब्द प्रकाशक सवयीने छापतो. मजकूर जुन्याच फाइलीवरून घेतलेला असल्यामुळे पहिल्या आवृत्तीच्या शुद्धिपत्रात दुरुस्त केलेल्या चुका त्यात मूळ जागी परत आलेल्या असतात आणि शुद्धिपत्र तेवढे गळालेले असते. काढलेली सव्वाशे पाने लेखकाकडेच एका पिशवीत राहतात. त्यांतली वहिनी, विहीर, आत्या, तलवार ही सामग्री पुढच्या कादंबरीच्या खर्ड्यात वापरतात. तो खर्डा तीनशे पानांचा होतो आणि वाचायला दिला जातो.